सुधारली तर परत आण

९ जानेवारी

दादा,

नमस्कार तू गृहीत धर, मी तुझा आशीर्वाद गृहीत धरते. दोघांचाही वेळ वाचेल.

घोडी पोचली. दर महिन्याला तिची खबर कळवायची ही तुझी अट, आणि फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला एकमेकांच्या अंगावर जातो, म्हणून हे पत्र. तिला गाडीतून उतरवताना तुझ्या माणसांच्या नाकी नऊ आले. एकाच्या दंडाला ती चावली. त्याने जी शिवी हासडली ती घोडीला नव्हती, तुला होती. मी ऐकली, पण चुगली करणार नाही.

जागा तू विचारली नाहीस, तरी सांगते. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीचं मागचं आवार मी भाड्याने घेतलंय. वर पत्रा आहे, जमिनीत वर्षानुवर्षांचा भुसा मुरलाय, त्यामुळे खुरांना मऊ आहे. पुढच्या खोलीत म्हातारा राखणदार राहतो आणि दिवसभर रेडिओशी वाद घालतो. मी चामड्याच्या कारखान्यात पट्टे शिवते आणि उरलेलं काम इथे आणून बसते. बाबांच्या रायडिंग स्कूलमध्ये इतकी वर्षं मुलांना घोड्यावर बसवलं त्याचा इथे काडीचा उपयोग नाही, पण लहानपणी खोगिरं दुरुस्त केली होती त्याचा झाला.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यातली जखम अजून ओली आहे. ती तू गाडीसोबत पाठवलीस, पण चिठ्ठीत लिहायची राहिली. लगामाच्या काटेरी कडीचीच ना? तू पडलास, तुझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि मग ते हाड जुळेपर्यंत तू तिला खांबाला बांधून ठेवलंस. वहिनीने सांगितलं. तिला ओरडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं म्हणून तिने सांगितलं.

तुझे शब्द मी विसरलेले नाही. वहिनीच्या देखत म्हणालास, "घोडी माझ्याच नावावर राहील. सुधारली तर परत आण. नाही सुधारली तर मरू दे तुझ्याच दारात." स्कूल तुला मिळालं आणि मी बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं की याहून वरचढ वाटणी तुला सुचणार नाही. मी तुला कमी लेखलं.

तर निश्चिंत राहा. ती सुधारण्याचं काही चिन्ह नाही.

धाकटी


६ फेब्रुवारी

दादा,

खबर: काही फरक नाही. जवळ येऊ देत नाही, कान मागे पाडते, दात दाखवते. मी हात टेकले. वैरण ठेवायची आणि बाजूला व्हायचं, एवढाच आमचा संबंध.

बाकी कळवण्यासारखं काही नाही. राखणदार तिला घाबरतो आणि ती राखणदाराच्या रेडिओला. बातम्या लागल्या की बिथरते, गाणी चालतात. आता हे मला कसं कळलं असं तू विचारशील. लांबून कळलं.

एक काम होतं. बाबांचा घोडे घासायचा जुना खरारा तिथे खुंटीवर असेल, लाकडी पाठीचा, तो वहिनीकडून पाठवून दे. घोडीसाठी नाही, माझे बूट फार मळतात.

धाकटी


११ मार्च

दादा,

खरारा मिळाला. बूट चकचकीत आहेत.

घोडी तशीच. नालबंद येऊन गेला. तुझ्याकडे येतो तोच, दुसरा या भागात आहे कुठे? तिने त्याला फार छळलं. चारी पायांना नाल ठोकेपर्यंत अर्धा दिवस गेला, दोनदा लाथ झाडली, एकदा त्याची हातोडी उडाली. म्हातारा झालाय बिचारा. त्याला हल्ली नीट आठवत नाही, बोलायला लागला की वाटेल ते सांगतो. तुझ्याकडे आला तर फार मनावर घेऊ नकोस.

आणि ते छोटं खोगीर, मी शिकवायला वापरायचे ते, जागा अडवून पडलं असेल तर पाठव. त्याचं चामडं उसवून मला दुसरीकडे वापरता येईल.

वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? तू कधी लिहीत नाहीस. तुझ्या घरी कुणाचं काही दुखतच नाही, नाही का?

धाकटी


१९ एप्रिल

दादा,

खोगीर आलं नाही, तुझं पत्र आलं. या वर्षातलं पहिलं. "नालबंद सांगतो, घोडी त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी होती. काय पाजतेस तिला?"

पाजते! वाचून अंगाचा तिळपापड झाला. घोडी शांत उभी राहिली तर ती एकतर मार खाऊन थकलेली असणार नाहीतर नशेत असणार, तिसरं काही असू शकतं हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. होय, मी तुला खोटं कळवत होते. खबर तुला हवी होती, खरी हवी असं तू म्हणाला नव्हतास. पण आता ऐकच. मी काय पाजलं ते सगळं सांगते.

पहिले कित्येक दिवस मी काहीच केलं नाही. तुला हे पटणं अवघड आहे, कारण आपल्याकडे काही न करण्याला आळस म्हणतात. बाबा म्हणायचे, घोडा आधी मोडावा लागतो. मोडलेल्या वस्तूवर बसून मिरवायची हौस आपल्याच घराण्याला! मी पालथ्या बादलीवर तिच्याकडे पाठ करून बसायची आणि पट्टे शिवायची. जो समोर येऊन डोळ्यांत बघतो तो काहीतरी मागायला आलेला असतो, हे ती तुझ्याकडे शिकली होती. पाठ करून बसलेल्या बाईला काही नको असतं. आधी ती पार भिंतीला असायची. मग वैरण खायला अर्ध्यावर आली. मग मी गेल्यावर बादलीचा वास घेऊन जायची, भुशात खुरं उमटलेली दिसायची. आणि एका दुपारी माझ्या मानेवर ऊन श्वास लागला. मी सुई थांबवली नाही. टाका मात्र वाकडा पडला आणि तो पट्टा मुकादमाने माझ्या अंगावर फेकला. फेकू दे. त्या दिवशी त्याने मला कामावरून काढलं असतं तरी मी हसले असते.

मग हात लावला, तोही आधी खांद्याला. तिची कातडी नुसती थरथरली की मी हात काढून घ्यायची. ती कान पाडेपर्यंत थांबायचं नाही, लाथ उचलेपर्यंत तर नाहीच. नुसती कातडी हलली की बास. काही दिवसांनी तिला कळलं की "नको" म्हणायला चावावं लागत नाही, इथे हळू बोललेलंही ऐकू येतं. त्यानंतर ती "नको" म्हणायचीच कमी झाली. बाबांच्या खराऱ्याने मी तिचं अंग घासलं, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि ती डोळे मिटून उभी राहिली. तोच खरारा बाबा घोड्याच्या पाठीत घालायचे, आठवतं? तोंडाला मी सगळ्यात शेवटी हात लावला. जखमेवर मलम लावताना तिने माझं मनगट दातांत धरलं, दाबलं नाही, आणि मलम लावून होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

खोगीर तू पाठवलं नाहीस म्हणून मी पोत्याचंच एक शिवलं. आधी ते कुंपणावर टांगून ठेवलं, मग तिने हुंगलं, मग पाठीवर आलं, मग पाठीवर मी आले. ती हलली नाही. मान वळवून माझ्या बुटाचा वास घेतला, एवढंच. तोंडात कडी नाही, डोक्याभोवती नुसती मोरकी आणि सैल दोरी. मी श्वास सोडला की थांबते. मला तिच्यावर बसायची भीती वाटत नाही आणि तिला मला बसवायची. आपल्या स्कूलमध्ये असा एकही घोडा नव्हता दादा, आणि असं एकही माणूस नव्हतं.

आता तिला न्यायचं तर दोरीही लागत नाही. तिच्यासमोर थोडं थांबायचं, पाठ फिरवायची, उजवा हात मागे, तळवा उघडा, आणि चालायला लागायचं. वळून बघायचं नाही. बघितलंस की संपलं. ती येते, तळव्यात नाक ठेवून येते. चार माणसांनी ढकलून आणली ती भीती अंगात राहू नये म्हणून वखारीच्या जुन्या ट्रकला फळी लावून मी तिला गाडीत चढायलाही शिकवलं. खाली उतरायचीच कुरकुर करते आता.

ती कुणाच्याही मागे अशी येईल, तुझ्यासुद्धा! पण तुला जमायचं नाही. तुला कुणाकडे पाठ करून शांत बसवत नाही. लहानपणी जेवायलासुद्धा तू भिंतीला पाठ लावून बसायचास, बाबा कुठून येतील याचा नेम नसायचा म्हणून. मला तेव्हा तुझी दया यायची. करून बघ एकदा. नाहीतर मान्य कर की घोडी वाईट नव्हती.

आणि तुझी ती अट. ती सुधारली तर परत. पण ती बिघडलेलीच नव्हती तर सुधारेल कशी? तेव्हा अट लागू होत नाही. ती इथेच राहील.

धाकटी


५ मे

दादा,

नेलीस.

कारखान्यातून आले तर आवाराचं फाटक नीट लावलेलं, आत वैरण तशीच. आधी वाटलं पळाली. राखणदार उठून आला आणि मोठ्या कौतुकाने सांगायला लागला. "तुमचे भाऊ येऊन गेले ना! किती शांत माणूस हो. सकाळपासून तुमच्या त्या बादलीवर बसून होते तिच्याकडे पाठ करून. हातात काही नाही, काठी नाही, दोरी नाही. मी म्हटलं चहा घेता का, तर ओठांवर बोट ठेवलं. दुपारी ती त्यांच्याजवळ गेली. मग उठले, हात असा मागे केला, आणि गेली की मागोमाग! गाडीच्या फळीवरून स्वतःच्या पायांनी वर चढली. तुमच्यासारखाच हात आहे त्यांचा. रक्ताचं असतं ना हे."

 मी म्हटलं, हो, रक्ताचंच.

चार माणसं घेऊन आला असतास तर ती चावली असती, लाथा झाडल्या असत्या, आरडाओरडा झाला असता. राखणदाराने मला फोन केला असता. मी धावत आले असते. त्यातलं काही झालं नाही, कारण काय करायचं आणि काय करायचं नाही हे मी तुला बसून, सविस्तर, अक्षर नीट काढून कळवलं होतं. तुला खिजवण्याच्या नादात. माझ्या पत्रात तू पहिल्यांदाच काहीतरी लक्ष देऊन वाचलंस.

तिला परत आण. आण म्हणजे आण. कागद तुझ्या नावावर आहेत हे मला सांगू नकोस.


२२ जून

दादा,

फाटकावरून मला परत पाठवलंस ते ठीक. तुझं फाटक आहे. पण तुझ्या माणसाकडून "साहेब घरी नाहीत" असं वदवलंस तेव्हा तू खिडकीत उभा होतास, ते तरी टाळायचंस.

वहिनीशी बोलले. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेसाठी तू तिच्या तोंडात पुन्हा कडी घातलीस. ती पहिल्या अडथळ्यापाशीच उभी राहिली, दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी, आणि आता खोगीर दिसलं की खाली बसते. तू तिला पुन्हा खांबाला बांधलंस.

भांडायला लिहीत नाही. हात जोडून लिहितेय, आणि मला हात जोडता येतात हे तुला माहीतही नसेल. कडी काढ. ती कडीशिवाय चालते, मी तुला लिहिलं होतं. सगळं पत्र वाचलंस, तेवढं एक वाक्य सोडलंस का? स्पर्धा जिंक, बक्षीस घे, तुझ्याच नावावर राहू दे, मी मागणार नाही. नुसती मोरकी घालून बसून बघ. ती तुला पाडणार नाही. तुझ्या मागे ती स्वतःच्या पायांनी आली होती, दादा.

उत्तर दे. एका ओळीचं दिलंस तरी चालेल.

धाकटी


३० ऑगस्ट

दादा,

दोन महिन्यांनी तुझी एक ओळ आली. "घोडी घेऊन जा, कागद तुझ्या नावावर करून ठेवलेत." मला हवं होतं ते सगळं त्या ओळीत होतं. मी मूर्खासारखी गाजरं घेऊन आले.

गेल्या आठवड्यात जे झालं ते तू पाहिलंस, तरी मी लिहिणार आहे, कारण तू ते उद्या वेगळं सांगशील. ती मागच्या कोठीत होती. बरगड्या मोजता येत होत्या. ओठाच्या कोपऱ्याची जुनी जखम फाटून वर गालापर्यंत गेली होती. मी दारात उभी राहिले, तिला माझा वास येऊ दिला. तिने कान टवकारले. ओळखलं तिने मला, त्याबद्दल मला शंका नाही. मग मी पाठ फिरवली, हात मागे केला, तळवा उघडला.

तो आवाज मी घोड्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वळून बघू नये असं मीच तुला शिकवलं होतं, मी वळले. ती मागच्या भिंतीला चिकटली होती, चारी पाय थरथरत होते, खाली सगळं ओलं झालं होतं. माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. माणूस पाठ फिरवतो, हात उघडा करतो, आणि त्याच्या मागे गेलं की काय होतं, हे तिला आता पक्कं ठाऊक आहे. त्यापेक्षा चाबूक बरा, तो निदान दिसतो.

शेवटी चार माणसांनीच तिला गाडीत घातलं. एकाला ती चावली. मला बरं वाटलं.

आणि मग तू गाडीपाशी आलास. मला वाटलं टोमणा मारशील. तू चाकाकडे बघत म्हणालास, "खरं सांगू का? त्या दिवशी वखारीत तिचा श्वास मानेवर लागला ना, तेव्हा मला रडू आलं गं. मी बराच वेळ उठलोच नाही. बाबांच्या एवढ्या घोड्यांत कधी असं झालं नव्हतं."

 तिथे बोलले असते तर हातात जे आलं ते फेकून मारलं असतं. आता बोलते.

तू न कळून केलंस असं मी इतके महिने धरून चालले होते. आडदांड आहे, बाबांच्या हाताखाली वाढलाय, याला दुसरं दिसलंच नाही तर करणार काय, असं स्वतःला समजावायची. वहिनीलाही तेच सांगायची. तू ते पत्र नुसतं युक्ती म्हणून वापरलं असतंस तर मी तुला माफ केलं असतं, खरंच केलं असतं. पण तुला कळलं होतं. जे मला महिनोन्‌महिने बसून मिळालं ते तुला एका सकाळीत मिळालं, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तू उठलास, हात मागे केलास, आणि तिला त्या कडीकडे घेऊन गेलास. त्या फळीवरून चढताना तुझ्या तळव्यात तिचं नाक होतं ना? किती मऊ असतं ते मला सांगू नकोस.

कागद मिळाले. माझं नाव नीट लिहिलंय. घोडी माझी झाली, आणि माझ्याकडे तिच्याजवळ जायची वाट उरलेली नाही. बादली मी फेकून दिली. आता मी समोर बसते, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर, तिला सतत दिसतील असे. शिवण करता येत नाही, सुई हलली तरी ती दचकते. कामावर रजा टाकली आहे, कदाचित काम जाईल. मी शिकवलेलं सगळंच तिच्यासाठी फसवणूक ठरलंय, तेव्हा मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, आणि ते मला अजून माहीत नाही. राखणदाराने विचारलं, भाऊ पुन्हा येणार का? मी म्हटलं, आला तर फाटक उघडू नका. तो बिचारा गोंधळला.

तिची खबर कळवायची अट आता राहिली नाही, आणि मी कळवणारही नाही. ती खात नसेल तरी नाही. उद्या ती उठून माझ्यापाशी आली तरी नाही, तेव्हा तर मुळीच नाही. ती बरी झाली तर कशाने झाली हे तुझ्यापर्यंत पोचू नये, आणि नाही झाली तर तुला कळून उपयोग नाही. तुझं पत्र आलं तर ते मी न उघडता परत पाठवेन.

वहिनीला मात्र सांग, तिच्या गुडघ्याला तेल मी पाठवते. तिच्याशी माझं काही भांडण नाही.

धाकटी